साथीच्या काळात हॉल, हॉटेल, रेस्टॉरंटची क्षमता कशी काढायची आणि दारावर कशी पाळायची

५०% क्षमतेचा आदेश आला की बहुतेक ठिकाणी काय होतं, तर खुर्च्या मोजतात, निम्म्या उचलून गोदामात टाकतात आणि झालं म्हणतात. मग तपासणीला कोणी आलं की कळतं की टक्के खुर्च्यांवर नव्हतेच, परवान्यावरच्या संख्येवर होते, वर माणशी जागेची वेगळी अट होती, त्यात स्टाफही धरायचा होता, आणि लॉबीत थांबलेली माणसं तर कोणी मोजलीच नव्हती. कोविडच्या दोन-तीन वर्षांत हेच परत परत झालं आणि पुढची साथ आली तर परत होणार, कारण मुळात समजूत अशी की क्षमता म्हणजे एक आकडा.

तसं नसतं. चार-पाच वेगवेगळ्या मर्यादा असतात, प्रत्येकीतून वेगळा आकडा निघतो, आणि त्यातला सगळ्यात छोटा असेल तो तुमचा. खालचा क्रम तेवढ्यासाठीच आहे. क्रम बदलू नका, विशेषतः टेबलं आधी मांडून मग नियम वाचायचा उद्योग करू नका, सगळं दोनदा करावं लागतं.

१. टेप हातात घेण्याआधी कागद गोळा करा

हे लागेल:

- चालू आदेशाची पूर्ण प्रत, तारीख आणि लागू होण्याची वेळ असलेली. हा आदेश जुन्या आदेशात दुरुस्ती करणारा असेल तर तो जुनाही, कारण दुरुस्तीत फक्त बदललेली ओळ असते, बाकीच्या अटी जुन्यातच राहतात.
- स्थानिक प्रशासनाचा वेगळा आदेश असेल तर तो. वरून ढील आणि खालून कडक असं बऱ्याचदा असतं. दोन्ही लागू असतील तर कडक तो धरा.
- परवान्यावरची आणि अग्निसुरक्षेच्या कागदावरची माणसांची संख्या. या दोन्ही कधीकधी जुळत नाहीत! न जुळल्यास छोटी घ्या.
- जागेचा नकाशा, खांब, स्टेज, दारं दाखवलेला.
- एसी आणि व्हेंटिलेशनचे कागद, म्हणजे बाहेरची ताजी हवा किती आत येते त्याचा आकडा. एसीचे टन किती ते इथं उपयोगाचं नाही.

⚠ बातमीचा मथळा किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारा चार ओळींचा सारांश यावरून काहीही ठरवू नका. मथळ्यात "हॉटेलं ५० टक्क्यांनी सुरू" एवढंच असतं आणि खरी अट सातव्या कलमात.

तपासा: "मध्यरात्रीपासून लागू" म्हणजे नक्की कुठली रात्र? रात्री १२ च्या पुढे चालणारा कार्यक्रम असेल तर अर्धा जुन्या नियमात आणि अर्धा नव्यात जातो. पाहुणे रात्री बारा वाजता अर्धे घरी पाठवता येत नाहीत, त्यामुळे अशा कार्यक्रमाला पहिल्यापासून कडक नियमच लावा.

२. आदेश पेन घेऊन वाचा, आणि या प्रश्नांची उत्तरं शेजारी लिहा

वेळ इथं घालवायचा. हॉलवाले मोजमापाला अख्खा दिवस देतात आणि आदेशाला पाच मिनिटं, हे उलटं पाहिजे.

टक्के कशाचे? परवान्यावरच्या संख्येचे, एकूण खुर्च्यांचे, की नेहमी येणाऱ्या गर्दीचे? आदेशात काही लिहिलं नसेल तर परवाना/अग्निसुरक्षेची संख्या धरणं सगळ्यात सुरक्षित, कारण ती कागदावर दाखवता येते. खुर्च्या काय, आज ३०० असतात उद्या ४०० आणता येतात.

एका वेळी की एकूण? सर्वात जास्त घोळ याचा. "एका वेळी ५० व्यक्ती" असेल तर लोक येऊन जाऊ शकतात, दुपारभरात दीडशे झाले तरी चालतील, फक्त कुठल्याही क्षणी ५० च्या वर नकोत. "कार्यक्रमाला ५० व्यक्ती" असेल तर दोन पाळ्या करून शंभर बोलावणं म्हणजे उल्लंघन. रेस्टॉरंटला बहुतेक पहिला प्रकार लागतो आणि समारंभांना दुसरा, पण तुमच्या आदेशात काय आहे ते बघूनच बोला.

स्टाफ धरायचा का? कलाकार, फोटोवाले, साउंडवाले, केटररची माणसं? लहान मुलं? काही ठिकाणी ठरावीक वयाखालची मुलं वगळलेली असतात. वगळलंय असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सगळे धरा, कडेवरचं बाळसुद्धा.

मर्यादा खोलीला की अख्ख्या जागेला? दोन हॉल असलेल्या जागेला हे नीट कळलंच पाहिजे.

अटी एकमेकींना कशा जोडल्यात? "५०% किंवा १०० व्यक्ती, यापैकी जे कमी असेल ते" या वाक्यातले शेवटचे पाच-सहा शब्द लोक वाचतच नाहीत.

अंतर कुठून कुठे? टेबलाच्या कडेपासून कडेपर्यंत, की खुर्चीच्या पाठीपासून पाठीपर्यंत? यात टेबलामागे मीटरभर फरक पडतो.

आणि एकाच साथीत वेगवेगळ्या ठिकाणचे नियम एका जातीचे नसतात हेही लक्षात ठेवा, दुसरीकडच्या ओळखीच्या हॉलवाल्याचा हिशोब उचलून आपल्याला लावू नका. ऑस्ट्रेलियात मार्च २०२० मध्ये माणशी ४ चौरस मीटरचा नियम आला, इंग्लंडमध्ये १४ सप्टेंबर २०२० पासून सहा जणांच्या गटाची मर्यादा होती, न्यूयॉर्क शहरात ३० सप्टेंबर २०२० ला रेस्टॉरंटमध्ये आत बसून जेवण सुरू झालं ते २५% क्षमतेने. एक नियम क्षेत्रफळाचा, एक गटाचा, एक टक्क्यांचा. अंतराचंही तेच, जागतिक आरोग्य संघटना किमान १ मीटर म्हणत होती, अमेरिकेत ६ फूट म्हणजे साधारण १.८ मीटर, ब्रिटनमध्ये २ मीटर.

तपासा: वरच्या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरापुढे कलम क्रमांक लिहिलाय का? ज्याला कलम सापडत नाही तिथे संबंधित कार्यालयाला लेखी विचारा, ईमेल असेल तर उत्तम. फोनवर मिळालेलं "हो चालेल हो" नंतर दाखवता येत नाही.

३. जागा मोजा, पण वापरात येणारीच

एक उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ म्हणजे सोपं पडेल. हॉल २० मीटर बाय १५ मीटर, म्हणजे ३०० चौरस मीटर. परवान्यावर २५० माणसं.

आता यातून जिथं पाहुणे उभे राहू किंवा बसू शकत नाहीत ते सगळं वजा करा. स्टेज ३०, सर्व्हिस काउंटर आणि त्यामागची जागा २४, खांब, साउंडचं टेबल आणि सामानाचा कोपरा १६, मोकळे ठेवायचेच असे जाण्यायेण्याचे आणि एक्झिटचे रस्ते ३०. एकूण १००. उरले २०० चौरस मीटर.

काही आदेशांत लोकांसाठी खुली असलेली सगळी जागा धरायला परवानगी असते, रस्ते वजा न करता. तसं स्पष्ट लिहिलं असेल तर घ्या फायदा. पण किचन, स्टोअर, ऑफिस, टॉयलेट हे मिळवून जागा फुगवायची आणि मग भागायचं हा प्रकार कुठेच चालत नाही आणि तपासणीत पहिल्यांदा हाच पकडला जातो.

⚠ फुटात मोजून मीटरचा नियम लावताना गडबड होते. १ चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. ३.२८ ने भागू नका, ते लांबीचं आहे.

पार्टिशन टाकून दोन हॉल केले असतील तर पार्टिशन जमिनीपासून छतापर्यंत आहे का आणि दोन्हीकडची हवा वेगळी आहे का ते बघा. सहा फुटी पडदा उभा करून त्याला दोन खोल्या म्हणता येत नाही. उघड्या जागेचं असंच. मांडव तिन्ही बाजूंनी बंद केला की तो उघडा राहत नाही. इंग्लंडमध्ये यासाठी धूम्रपानबंदीच्या कायद्यातलीच कसोटी वापरत होते, तंबूच्या भिंतींचा निदान अर्धा भाग उघडा असेल तरच ती जागा बाहेरची. तुमच्या आदेशात व्याख्या नसेल तरी हा अंदाज डोक्यात असू द्या, कारण पाऊस आला की पहिली गोष्ट काय होते तर बाजूचे पडदे खाली सोडतात, आणि त्या क्षणी तुमचा कार्यक्रम "आतला" झाला, मर्यादा बदलली.

४. आकडे एका कागदावर काढा

समजा आदेश असा आहे: परवाना क्षमतेच्या ५०%, माणशी ४ चौरस मीटर, आणि कमाल १०० व्यक्ती, यापैकी जे कमी असेल ते, स्टाफसह, एका वेळी.

- टक्क्यांनी: २५० चे ५०% = १२५
- जागेने: २०० भागिले ४ = ५०
- वरची मर्यादा: १००

म्हणजे ५०. खुर्च्या निम्म्या करणारा माणूस १२५ वर थांबला असता, आणि पूर्ण ३०० चौरस मीटर भागणारा ७५ वर. दोघंही मनापासून नियम पाळत होते आणि दोघंही चुकले असते.

अपूर्णांक आला तर नेहमी खाली. ९० चे २५% म्हणजे २२.५, तर २२. तेवीसावा माणूस अर्धा येत नाही.

हे ५० अजून शेवटचे नाहीत. टेबलं आणि हवा बाकी आहे.

५. टेबलं कागदावर मांडा, मग जमिनीवर

गोल टेबल १.५ मीटर व्यासाचं धरा. माणूस बसला की खुर्ची मागे साधारण अर्धा मीटर ते ६० सेंटीमीटर जाते, दोन्ही बाजूंनी मिळून बसलेलं टेबल २.६ मीटरचं होतं. खुर्चीच्या पाठीपासून पाठीपर्यंत २ मीटर अंतर पाहिजे असेल तर एका टेबलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ४.६ मीटर लागतात.

आपले २०० चौरस मीटर समजा १६ बाय १२.५ असे आहेत. १६ मीटरमध्ये तीन टेबलं बसतात, चौथं बसत नाही. १२.५ मध्येही तीनच. म्हणजे एकूण ९ टेबलं.

टेबलाला सहाची परवानगी असेल तर ९ × ६ = ५४, जे ५० च्या वर जातं, म्हणून आधीचे ५०च लागू. चारची परवानगी असेल तर ३६. बघा, आता टेबलंच मर्यादा ठरवतायत, जागेचा ५० चा आकडा बाजूला पडला.

यात एक गोष्ट मालकांच्या लक्षात उशिरा येते. ३६ खुर्च्या म्हणजे ३६ माणसं नव्हेत. दोघंजण आले आणि चारच्या टेबलावर बसले की दोन खुर्च्या मेल्या, तिथे अनोळखी माणसं बसवता येत नाहीत. रेस्टॉरंटमध्ये तर दोघांचे गट भरपूर असतात, म्हणून सगळी टेबलं चारची ठेवण्यापेक्षा काही दोनची छोटी टेबलं मध्ये घालून परत मांडणी करून बघा, टेबलांची संख्या वाढते आणि प्रत्यक्ष माणसंही जास्त बसतात. धंद्याचा हिशोब कधीही भरलेल्या खुर्च्यांवर करा, मांडलेल्यांवर नको.

मांडणी ठरली की जमिनीवर टेबलाच्या पायांच्या जागी टेपने खुणा करा. कारण पाहुणे टेबलं सरकवतात. अर्ध्या तासात दोन टेबलं जोडून बाराजण बसलेले असतात आणि वेटरला कोणी सांगितलेलं नसतं की हे थांबवायचंय.

⚠ अंतर ठेवायच्या नादात टेबल इमर्जन्सी एक्झिटसमोर लावू नका. साथीचा नियम अग्निसुरक्षेचा नियम रद्द करत नाही. दार उघडं राहावं म्हणून अग्निरोधक दाराला दगड लावून ठेवणं हेसुद्धा त्यातच आलं.

तपासा: प्रत्येक टेबलाशी उभं राहून बघा, वेटर दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला न घासता जाऊ शकतो का? टॉयलेटला जायचा रस्ता कुठल्या टेबलाला चिकटून जातो? ते टेबल काढा किंवा रस्ता वळवा.

६. हवेचा आकडा

हा भाग लोक सोडून देतात कारण आदेशात बहुतेक वेळा "पुरेसं व्हेंटिलेशन ठेवा" एवढंच असतं. पण हवेतून पसरणाऱ्या आजारात खरी मर्यादा हीच असते.

जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले १० जण बाधित निघाले. टेबलांमध्ये साधारण मीटरभर अंतर होतं. नंतर संशोधकांनी तिथली हवा मोजली तर बाहेरची ताजी हवा माणशी सेकंदाला सुमारे १ लिटर किंवा त्याहून कमी मिळत होती, एसी तीच हवा त्या तीन टेबलांवर फिरवत बसला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा जागांसाठी किमान सांगितलेलं प्रमाण माणशी सेकंदाला १० लिटर आहे. दहापट फरक!

हिशोब सोपा आहे. १० लिटर प्रति सेकंद म्हणजे तासाला ३६ घनमीटर. तुमच्या यंत्रणेची ताजी हवा तासाला किती घनमीटर ते घ्या, ३६ ने भागा, येतील तेवढी माणसं. आपल्या हॉलमध्ये २८८० घनमीटर येत असेल तर ८० माणसं, म्हणजे इथं अडचण नाही. पण १०८० च येत असेल तर ३०, आणि मग टेबलांचे ३६ सुद्धा जास्त झाले.

स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही, आतलीच थंड करून देतो. चार स्प्लिट लावलेला, खिडक्या बंद असलेला हॉल हवेच्या हिशोबात जवळपास शून्य धरा आणि खिडक्या-एक्झॉस्टचं काहीतरी करा. समोरासमोरच्या खिडक्या थोड्या थोड्या उघड्या ठेवणं हे एकाच बाजूची एक खिडकी सताड उघडण्यापेक्षा बरं.

कागद नसतील तर कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या, माणसांनी श्वासातून सोडलेली हवा आत किती साठतेय ते त्यावरून कळतं. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाचे ठोकताळे वापरायला सोपे आहेत: सतत ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, त्याचं माप) खाली असेल तर हवा चांगली खेळतेय, १५०० च्या वर असेल तर वाईट. बाहेरच्या मोकळ्या हवेत ४०० च्या थोडं वर येतं, मीटर आधी बाहेर नेऊन ते बघा, तिथेच ६०० दाखवत असेल तर मीटर कॅलिब्रेट करा किंवा बदला. इन्फ्रारेड सेन्सरवालाच घ्या, स्वस्तातले काही मीटर दुसऱ्याच वायूवरून अंदाज करून आकडा दाखवतात. ठेवायचा बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, खिडकी-दारापासून लांब, आणि कोणाच्या थेट तोंडासमोर नाही.

⚠ एअर प्युरिफायर लावला तर विषाणूचे कण कमी होतील पण कार्बन डायऑक्साइड कमी होणार नाही. तेव्हा मीटरचा आकडा तसाच दिसला म्हणून प्युरिफायर बिनकामाचा असं समजू नका, आणि प्युरिफायर आहे म्हणून खिडक्या लावूनही घेऊ नका.

आवाज हाही हवेचाच विषय. संगीत मोठं असलं की माणसं जवळ येऊन ओरडून बोलतात. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये पब-रेस्टॉरंटमधलं पार्श्वसंगीतच बंद करायला लावलं होतं ते यासाठी. नियमात नसलं तरी साउंडवाल्याला आवाजाची मर्यादा आधीच सांगून ठेवा. गाणं आणि नाच असेल तर माणशी जागा आणि हवा अजून जास्त धरा, बसून जेवणाऱ्यांचा आकडा तसाच्या तसा लावू नका.

७. स्टाफ वजा करा आणि गर्दीचा क्षण शोधा

आपलं उदाहरण: टेबलांमुळे पाहुणे ३६. हॉलमध्ये असणारा स्टाफ ५ वेटर, १ मॅनेजर, २ साउंड/फोटोवाले, एकूण ८. बेरीज ४४, जागेच्या ५० च्या आत, हवेच्या ८० च्याही आत. ठीक. टेबलाला सहाची परवानगी असती तर मात्र ५० मधून ८ गेले, पाहुणे ४२ च. इथे "५० म्हणजे ५० पाहुणे" असं बुकिंग घेऊन बसलेले लोक अडकतात, आठ जणांना काय सांगणार!

स्टाफची यादी नाव लावून करा. केटरर ऐनवेळी दोन माणसं जास्त आणतो, डेकोरेशनवाले सामान काढायला कार्यक्रम संपायच्या आधीच येऊन उभे राहतात. कराराच्या बाहेरच्या प्रत्येक टीमला सांगा की तुमची इतकीच माणसं, नावं आदल्या दिवशी द्या.

आता गर्दीचा क्षण. क्षमता सरासरीवर मोजत नाहीत, सगळ्यात वाईट पाच मिनिटांवर मोजतात. ३६ पाहुणे म्हणजे समजा चार-चारचे ९ गट, सगळ्यांना आठची वेळ दिली, दारावर एका गटाला एक मिनिट लागतं. तर शेवटचा गट आठ-नऊ मिनिटं लॉबीत. लॉबी २० चौरस मीटरची असेल तर माणशी ४ प्रमाणे तिथे ५ च जण उभे राहू शकतात, म्हणजे दोन गटही नाहीत. हॉल आतून आदर्श आणि दाराबाहेर तीस जणांची झुंबड, फोटो मात्र त्या झुंबडीचा निघतो.

म्हणून वेळा तोडून द्या, दर दहा मिनिटांनी दोन-तीन गट. रेस्टॉरंटमध्ये दीड तासाचा स्लॉट देत असाल तर दोन स्लॉटच्या मध्ये निदान १५-२० मिनिटं मोकळी ठेवा, कारण आधीचे बिल देऊन दारात गप्पा मारत उभे असतात तेव्हाच पुढचे येतात. बुफेची रांग, ग्रुप फोटो, टॉयलेट, पार्किंगची लिफ्ट, प्रत्येकाची एकदा मनात फिल्म चालवून बघा. टॉयलेटच्या दारावर आत किती जण चालतील तो आकडा लावा. ग्रुप फोटो कुटुंबाकुटुंबाने.

८. दारावर मोजणी

ज्याच्याकडे मोजणीचं काम आहे त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नको. कोट घेणं नाही, सही घेणं नाही, साहेबांना नमस्कार करणं नाही.

दोन पद्धती चालतात. हातातला क्लिकर काउंटर, आत एकाचा, बाहेर एकाचा, वजाबाकी म्हणजे आतली माणसं. दारं दोन असतील तर दोन्हीकडे माणूस पाहिजे आणि आकडे जुळवायला फोन. क्लिकरची अडचण ही की चूक साठत जाते, म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने आतली डोकी खरोखर मोजून आकडा परत लावायचा.

दुसरी, मला तरी जास्त आवडणारी, टोकनची. जेवढी क्षमता तेवढीच टोकनं, स्टाफचीही त्यातच. आत येताना घ्या, बाहेर जाताना डब्यात टाका. डबा रिकामा झाला की दार बंद, वाद नाही. आणि फोनवर बोलायला बाहेर गेलेला माणूस आत धरायचा की बाहेर हा प्रश्नही सुटतो, टोकन त्याच्याकडे आहे म्हणजे जागा त्याची. टोकनं परत वापरताना पुसून घ्या एवढंच.

⚠ मर्यादेला पोचल्यावर थांबू नका, पाच आधी थांबा. वैद्यकीय मदत, चुकून शिल्लक राहिलेलं आजोबांचं नाव, अचानक आलेला तपासणी अधिकारी, यांना आत यायला जागा लागते.

मागचं दार, किचनचं दार, लॉनकडचं दार बघा. बाहेर जायला उघडी पाहिजेत, आत यायला नाही.

९. बुकिंग घेतानाच आकडा ठरवून घ्या

करारात किंवा बुकिंगच्या मेसेजमध्ये एक वाक्य असू द्या: "ठरलेली संख्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी लागू असलेली मर्यादा, यापैकी जी कमी असेल ती." मर्यादा घटली तर पैशाचं काय, तारीख बदलायची तर कशी, हे त्याच कागदावर. नंतर ठरवू म्हटलेलं नंतर भांडूनच ठरतं.

यजमानांकडून पाहुण्यांची यादी प्राधान्यक्रमाने मागा. ५० ची घ्या पण १ ते ५० असे नंबर लावलेली. मर्यादा ३६ वर आली तर ३७ पासून पुढच्यांना फोन करायचे, आणि ते फोन यजमानांनी करायचे, तुम्ही नाही. कोणाला गाळायचं हा निर्णय हॉलवाल्याने अंगावर घेऊ नये.

पाहुण्यांची नावं-नंबर ठेवायला सांगितलं असेल तर सांगितलेल्या दिवसांपुरतीच ठेवा आणि मग नष्ट करा. दारावर उघडी वही ठेवू नका, मागून येणारा पुढच्या सगळ्यांचे फोन नंबर वाचत बसतो.

१०. त्या दिवशी, आणि नियम बदलला की

सकाळी आदेश परत एकदा उघडून बघा, रात्रीत बदललेला असू शकतो. खुणांवर टेबलं आहेत का, खिडक्या उघडतात का (रंगकामात चिकटलेल्या असतात!), मीटर चालू आहे का, टोकनं मोजून बरोबर आहेत का. स्टाफला पाच मिनिटं उभं करून फक्त तीन गोष्टी सांगा: आजचा आकडा किती, टेबलं सरकवली तर काय करायचं, आणि कोणी ऐकलं नाही तर कोणाला हाक मारायची. दारावर कमाल संख्येचा बोर्ड लावा, लोक बोर्डाशी वेटरइतकं भांडत नाहीत.

मर्यादा वाढली की सगळे खुश होऊन फक्त टक्के बदलतात. ५०% ची मर्यादा ७५% झाली तरी माणशी ४ चौरस मीटर तसंच असेल तर तुमचा आकडा एका माणसानेही वाढत नाही. म्हणून चौथ्या टप्प्याचा कागद परत काढा, ज्या ओळीत बदल झाला ती ओळ बदला, आणि परत सगळ्यात छोटा शोधा. मर्यादा कमी झाली तर आधी पुढच्या आठ-दहा दिवसांची बुकिंगं काढून ज्यांची संख्या ओलांडतेय त्यांना त्याच दिवशी कळवा, टेबलं हलवणं नंतर.

फाईल एक ठेवा: आदेशाची प्रत कलमांवर खुणा केलेली, मोजमापाचा नकाशा, हिशोबाचा कागद तारखेसह, लेखी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं, आणि प्रत्येक दिवशी तासातासाला आत किती होते त्याची नोंद. जुना हिशोब फेकू नका, त्यावर "रद्द" आणि तारीख लिहून मागे लावा. तपासणी कधीकधी मागच्या महिन्यातल्या कार्यक्रमाची होते आणि तेव्हा त्या तारखेला कुठला नियम लागू होता हे तुम्हालाच दाखवावं लागतं.